बारावी दीर्घिका

तोरणमाळ,
९ फेब्रुवारी २०२६

प्रिय महजबीन आपा,

सलाम. इकडे सगळं ठीक आहे. आई-बाबांची तब्येत बरी आहे, गहू ओंबीला आलाय, पहाटेची थंडी अजून हटत नाही. अजीजचाचांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? त्यांना आणि अम्मीला माझा नमस्कार सांग.

रीत झाली. आता जे लिहायला बसले आहे ते लिहिते.

काल चुडामणभाऊंनी जीप थेट आमच्या दाराशी आणून उभी केली. शहाद्याहून वर येणारी सकाळची जीप त्यांची असते. खिडकीतूनच पेपर नाचवत म्हणाले, "ताई, तुन्ही मैतरीनना फोटू उना शे पेपरमा. देख!" मी पाहिला. खापरच्या ग्रामपंचायतीसमोर तू उभी आहेस, अंगावर शाल, हातात नारळ. वर जाड अक्षरांत: 'खापरच्या कन्येने मिटवला विश्वाचा वाद'.

मिटवला म्हणे! शेताच्या बांधाचा वाद आहे का तो, मोजणीवाला आला, साखळी टाकली आणि मिटला?

खाली तुझं म्हणणं छापलंय. "आमची पद्धत पूर्णपणे निःपक्षपाती होती. मोजणाऱ्या कुणालाही उत्तर आधी ठाऊक नव्हतं." हे वाक्य मी तीनदा वाचलं. चुडामणभाऊ म्हणाले, "का बरं रडी ऱ्हायनी, ताई? चांगली बात शे ना!" मी रडत नव्हते. राग आला की माझ्या डोळ्यांना पाणी येतं, हे तुला माहीत आहे, त्यांना नाही.

हे मी मेलवर लिहीत नाही. आपल्या संशोधन गटातला मेल चौदा जणांकडे फिरतो आणि चौदा जण त्यावर 'नोंद घेतली' असं लिहून मोकळे होतात. शिवाय इथे तलावाच्या कडेला एका दगडावर उभं राहिलं तरच रेंज मिळते, आणि इतका राग उभ्याने लिहिता येत नाही.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, पेपरात काय आलंय. मी त्यांना आमच्या पावरी बोलीत सांगायचा प्रयत्न केला. जवळच्या ताऱ्यांपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने लांबची अंतरं मोजत गेलं, तर विश्व फुगण्याच्या वेगाचा आकडा त्र्याहत्तर येतो. विश्व अगदी कोवळं असतानाचा प्रकाश अजून आकाशभर आहे, त्याच्यावरून हिशेब केला तर येतो सदुसष्ट.

"मग एक जण चुकतोय," बाबा म्हणाले.

"किंवा दोघंही बरोबर आहेत, आणि मधे असं काहीतरी आहे जे अजून कुणालाच ठाऊक नाही."

"मग तुम्ही काय केलं?"

"तिसऱ्या तऱ्हेने मोजलं. म्हाताऱ्या लाल ताऱ्यांवरून."

"आणि?"

काय सांगू त्यांना? की आम्ही मोजलं, आणि आलेला आकडा आवडला नाही म्हणून बदलला?

तुझ्या आठवणीसाठी लिहिते, कारण शालीखाली ती दबली असावी. अकरा दीर्घिका. म्हणजे सुरुवातीला बारा होत्या, पण तो मुद्दा वेगळा, एक नियमात बसली नाही म्हणून आधीच गेली होती. अकरा. चार वर्षं मी त्यांच्या कडांवरचे तारे वेचले. मनाला हवं ते उत्तर कुणी ओढून आणू नये म्हणून सगळ्या अंतरांना एका गुप्त आकड्याने गुणलेलं होतं. आपण दोघी त्याला झाकणी म्हणायचो. झाकणी फक्त तुझ्याकडे, म्हणून नियम ठरवायच्या बैठकीत तुला बसू देत नव्हते. नियम जूनमध्ये लिहिले, सगळ्यांनी सह्या केल्या. चौदा नोव्हेंबरला पुण्यात सरांच्या खोलीत झाकणी काढली. एकाहत्तर पूर्णांक दोन.

सरांचा चेहरा मला अजून दिसतो. "हा आकडा कुणाच्याच कामाचा नाही," ते म्हणाले. केक तसाच राहिला.

आणि तीन दिवसांनी दोन दीर्घिका 'संशयास्पद' झाल्या! जूनमध्ये नव्हत्या, ऑक्टोबरमध्ये नव्हत्या, झाकणी निघाल्यावर मात्र त्यांच्या कडेला धूळ दिसायला लागली. त्या काढल्या की एकोणसत्तर पूर्णांक नऊ. सत्तरच्या आत. सदुसष्टवाल्यांशी हातमिळवणी, वाद खलास. हे सुचवलं कुणी? तू. मी म्हटलं, नियमांवर आपल्या सह्या आहेत. त्यावर तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "गायत्री, नियम पाळले म्हणजे विज्ञान झालं असं नसतं." तू! जिने मला तळोद्याच्या वसतिगृहात पहिल्यांदा मोजपट्टी कशी धरायची ते दाखवलं होतं.

मी नाव द्यायला नकार दिला. "तुझी मर्जी," सर म्हणाले. पंधरा दिवसांनी शोधनिबंधावर तेरा नावं होती. माझं नाव शेवटच्या आभारांत, 'माहिती गोळा करण्यात साहाय्य'. साहाय्य! जणू मी तुम्हाला पाणी आणून देत होते.

डिसेंबरात मी घरी आले. आईला सांगितलं सुट्टी आहे. आता ती रोज विचारते, इतकी लांब सुट्टी कोणत्या शाळेत असते.

पंधरा दिवस देते. शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाला तू स्वतः लिही की दोन दीर्घिका आकडा पाहिल्यानंतर काढल्या. नाहीतर मी लिहीन, आणि तुझ्या नावासकट लिहीन.

गायत्री


खापर,
२० फेब्रुवारी २०२६

गायत्री,

वालेकुम सलाम. अब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर शिलाईमशीनवर बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि ते तीन वेळा बसून उठलेत. अम्मी बरी आहे. आज दुसरा रोजा. रोज्यात राग करू नये म्हणतात, म्हणून हे पत्र मी दोन दिवस पुढे ढकललं. उपयोग झाला नाही.

शालीचं आधी. ती मी मागितली नव्हती. डिसेंबरात माझी फेलोशिप संपली, मी घरी येऊन नोकरीच्या मुलाखतीच्या पत्राची वाट बघत बसले होते. एका पत्रकाराला सरांचं निवेदन कुठून तरी मिळालं आणि दोन दिवसांत मंडप उभा राहिला. अब्बा पहिल्या रांगेत होते, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. बाजारात लोक आयुष्यभर त्यांना 'ए दर्जी' म्हणत आले. त्या दिवशी सरपंचांनी त्यांना 'अजीजसाहेब' म्हणून खुर्ची दिली. तू असतीस तर उठून गेली असतीस, मला माहीत आहे. मी नाही गेले.

आणि ते वाक्य. मोजणाऱ्या कुणालाही उत्तर आधी ठाऊक नव्हतं. होय, ते मी खोटं बोलले. बोलताना मला ठाऊक होतं की खोटं आहे. आणि ते तीनदा वाचताना तुलाही ठाऊक होतं.

मे महिन्यातला मंगळवार. झाकणीचा आकडा माझ्या निळ्या डायरीत होता. डायरी टेबलावर उघडी टाकून मी असरच्या नमाजला गेले. चूक माझी, कुलपात ठेवायची होती. परत आले तर डायरी बंद, आत पेन. तू खिडकीशी उभी होतीस आणि कधी नव्हे ते अम्मीच्या गुडघ्यांची चौकशी करत होतीस.

मी स्वतःला समजावलं की वाऱ्याने मिटली असेल. वारा पेन आत ठेवून डायरी मिटत नाही, गायत्री.

मग जून. मर्यादेपेक्षा जास्त धूळ असलेली दीर्घिका बाद, हा नियम कुणी लिहिला? तू. मर्यादा पंधरा टक्के का? वीस का नाही? सगळीकडे वीस धरतात. वीस धरली तर बारा दीर्घिका राहतात. पंधरा धरली की बरोबर एकच बाहेर पडते, आणि तीच नेमकी आकडा खाली ओढणारी. 'तो मुद्दा वेगळा' असं लिहिलंस ना तू? तो वेगळा मुद्दा मी आठ महिने गिळून बसले आहे.

तेव्हाच सरांना सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुझं काम तिथेच थांबलं असतं, आणि डायरी उघडी टाकणारी म्हणून माझंही. तू तुझ्या पाड्यावरून दहावीच्या पुढे गेलेली पहिली मुलगी. माझी जीभ उचलली नाही. नोव्हेंबरात आकडा निघाला तेव्हा मला एकच दिसलं, गायत्रीने तो वर ढकललाय. मी खाली ओढला. मला वाटलं, मी बिघडलेलं सरळ करते आहे. आता कळतं की मी फक्त दुसऱ्या बाजूने बिघडवलं. पण तेव्हा, खरं सांगते, मला माझ्या हुशारीचा अभिमान वाटला होता.

आणि तू मला मुदत देतेस? पंधरा दिवस? तू?

लिही नियतकालिकाला. पण लिहायचं तर बारापासून लिही, अकरापासून नाही.

महजबीन


तोरणमाळ,
८ मार्च २०२६

आपा,

तुझं पत्र चुडामणभाऊंनी चोवीस तारखेला आणून दिलं. मी ते चार वेळा वाचलं आणि चारही वेळा चिडले. पहिल्यांदा तुझ्यावर. दुसऱ्यांदा पोस्टावर, की इतक्या लवकर कसं आणलं. मग चिडायला माझ्याशिवाय कुणी उरलं नाही, कारण त्यात एकही ओळ खोटी नव्हती.

मी डायरी पाहिली. मुद्दाम. तुझी पाठ वळल्यावर मनात दहापर्यंत मोजलं आणि वाकून पाहिला आकडा. मग घाबरून डायरी मिटली. खिडकीशी उभं राहून तोंडी हिशेब केला. सत्तर पूर्णांक सहा. बाराच्या बारा धरून. इकडचा नाही, तिकडचा नाही.

मला तो सहन झाला नाही. का, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मला वाद मिटायला नको होता. मला त्र्याहत्तर हवे होते. त्र्याहत्तर म्हणजे दोन्ही मोजण्या बरोबर, आणि मधे कुणालाच ठाऊक नसलेलं काहीतरी, आणि ते शोधणाऱ्यांत मी. पाड्यावरून निघताना बाबांनी विचारलं होतं, तिकडे जाऊन काय करणार. मी म्हटलं होतं, अजून कुणालाच माहीत नसलेलं काहीतरी शोधणार. चार वर्षं मोजून हातात सत्तर पूर्णांक सहा घेऊन घरी कशी येणार होते मी?

म्हणून पंधरा. तेव्हा मी स्वतःला पटवलं की त्या बाराव्या दीर्घिकेत धूळ खरंच जास्त आहे. ती जास्त होतीच, आपा. कारण खरं होतं, ते मी खोट्या कामासाठी वापरलं. म्हणूनच मला इतकं ताठ मानेने तुझ्यावर ओरडता आलं.

पंचवीसला मी बाबांना सगळं सांगितलं. ते खाटेची दोरी ओढत होते. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "कुणाचं काही घेतलं का?"

"नाही."

"कुणाला मारलं?"

"नाही, बाबा."

"मग लपवलं कशाला?"

आई चुलीपाशी होती. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे सुट्टी नव्हती." मग दिवसभर माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेसाठी ज्वारीच्या भाकरी बांधून दिल्या. मी कुठेही जायचं म्हटलं नव्हतं.

सत्तावीसला मी शहाद्याला उतरले. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराचे दिवस, जीपच्या टपावरसुद्धा माणसं. झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटर मिळाला. मी रात्रभर मनात मजकूर जुळवला होता, पहिलं वाक्य पाठ होतं. मेल उघडला तर सगळ्यात वर तुझं नाव. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, चौदाही जणांना.

'झाकणीची डायरी मी उघडी टाकली. ती फुटली हे ठाऊक असून मी गप्प राहिले. झाकणी निघाल्यावर दोन दीर्घिका मी आकडा पाहून काढायला लावल्या. चूक माझी एकटीची आहे.'

एकटीची!

दुकानात माझ्या तोंडून शिवी निघाली, तीही पावरीत. दुकानदाराने वर पाहिलं. "काय झायं ताई, लाइट गई का?"

आपा, तुला कुणी सांगितलं होतं? कुणी मागितली होती ही मेहरबानी? वसतिगृहात मला ताप आला तेव्हा तू माझी भूमितीची वही भरून दिलीस. मी सोळा वर्षांची होते, तेव्हा ते ठीक होतं. आता मी एकोणतीस वर्षांची आहे. डायरी कुणी पाहिली हे न लिहिता 'फुटली' म्हणे! तू माझी चूकसुद्धा माझ्याकडे ठेवली नाहीस. आणि मला बारापासून लिही म्हणून सुनावणारी तू, स्वतः मात्र अकरापासून लिहिलंस. तुझ्या मुलाखतीचं काय झालं असेल, त्याचा विचार करून मला भाकर गेली नाही. तरीही तुझा राग येत होता. अजून येतो.

पाठ केलेलं पहिलं वाक्य मी टाकून दिलं. असं लिहिलं: 'महजबीन शेख यांच्या पत्रात एक गोष्ट गाळलेली आहे. डायरी मी पाहिली. त्यानंतर धुळीची मर्यादा वीसवरून पंधरावर मी आणली, बारावी दीर्घिका जावी म्हणून. बाराही धरल्या तर आकडा सत्तर पूर्णांक सहा येतो. वाद मिटलेला नाही, आणि आमच्या मोजणीवरून तो आहे असंही म्हणता येत नाही.' पाठवलं. चौदा जणांना, आणि नियतकालिकालाही.

मी स्टँडवर पोचायच्या आत सरांचा फोन आला. आजूबाजूला ढोल चालले होते, मला एका कानात बोट घालून बोलावं लागलं.

"दोघींनी मिळून मला उभा चिरलात," ते म्हणाले. "चार वर्षं, गायत्री. माझीसुद्धा चार वर्षं."

"हो सर."

"निबंध मागे घेतोय. बारा दीर्घिका पहिल्यापासून, नवी माणसं मोजतील, झाकणी बाहेरच्या संस्थेकडे राहील. तुम्ही दोघी त्यात नसाल."

"आणि माझी पीएचडी?"

"समिती बसेल. मी काही बोलू शकत नाही."

फोन ठेवायला हवा होता मी. पण आपा, तुला माझं तोंड माहीत आहे. मी म्हटलं, "सर, त्या दोन दीर्घिका काढायचं महजबीन आपाने नुसतं सुचवलं होतं. हो तुम्ही म्हणालात. तेराच्या तेरा जणांनी माना डोलावल्या. आकडा सत्तरच्या आत आला तेव्हा एकालाही विचारावंसं वाटलं नाही की आजच धूळ कशी दिसली. आकडा एकाहत्तरऐवजी सत्तरच्या आत येणार नसता, तर काढल्या असत्या का तुम्ही?"

मी ढोलांपासून लांब, स्टँडच्या भिंतीआड गेले.

"नसत्या काढल्या," सर म्हणाले. "तेही लिहितो पत्रात."

आणि त्यांनी खरंच लिहिलं. एकोणचाळीस ओळींच्या त्यांच्या पत्रात ती एक ओळ आहे, मी दगडावर उभी राहून मोजून पाहिली.

होळी झाली. माझा भाऊ गोकुळ गुजरातेतून ऊसतोडीवरून आला, पायाला घुंगरं बांधून पहाटेपर्यंत नाचला. मीही नाचले थोडी. पाड्यावर अजून कुणाला नीट कळलेलं नाही. इथल्या आश्रमशाळेचे नवलसिंग सर मात्र येऊन म्हणाले, मुलांना विश्वाबद्दल दोन शब्द सांग. मी गेले. सांगितलं की दोन आकडे आहेत आणि का आहेत, ते अजून ठाऊक नाही. मुलांना ते काही विचित्र वाटलं नाही. मास्तरांनाच वाटलं. ते म्हणाले, निदान परीक्षेत कोणता लिहायचा ते तरी सांग. मी त्यांच्यावरही चिडले.

समितीने आपल्याला सोळा तारखेला पुण्याला बोलावलंय, दोघींना एकाच वेळी. तुझी मुलाखत रद्द झाल्याचं सरांच्या ऑफिसातून कळलं. याबद्दल काय लिहावं मला सुचत नाही, म्हणून लिहीत नाही. अजीजचाचांना तू काय सांगितलंस? त्यांना कळलं असेल तर मी आधी खापरला येते, त्यांच्यासमोर मी स्वतः सांगेन की डायरी मी पाहिली. हे तू माझ्या वतीने करायचं नाहीस. हात जोडून सांगते, हे एक तरी नाही.

बारा दीर्घिका आता दुसरं कुणीतरी मोजेल. माझ्याच फायली उघडेल, मी वेचलेले तारे पुन्हा वेचेल. आकडा निघेल त्या दिवशी त्या खोलीत आपण नसू. सगळ्या जगासारखा आपल्यालाही तो छापून आल्यावर कळेल, त्र्याहत्तर की सदुसष्ट की मधलाच कुठला. तो खरा असेल. याचं मला बरं वाटायला हवं. मला संताप येतो, आपा, इतका की दात आवळले जातात, आणि या घरात, या डोंगरावर, तो कशाचा आहे हे समजेल असं कुणी नाही. तुझ्याशिवाय.

सोळाला समितीसमोर तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसेन. बोलेन असं धरून चालू नकोस.

अजून चिडलेली, आणि फक्त तुझ्यावर नाही,
गायत्री